इंग्लिश लॉर्डचा गोतावळा आणि वशिला कसा शोधायचा (कॉर्नवॉलिसवर हात बसवून)

पेशवाईवरचं वाचणाऱ्यांना कॉर्नवॉलिस नवा नाही. १७९० चा पुण्याचा तह, मग टिपूवरची मोहीम, १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणापुढे हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजांसोबत तळ ठोकून बसलेला गव्हर्नर जनरल, इतपत आपल्याला माहीत असतं. पण हा माणूस १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला वॉशिंग्टनसमोर अख्खं सैन्य शरण देऊन आला होता आणि तरी पुढच्या ५ वर्षांत त्याला हिंदुस्थानचा कारभार मिळाला, तो कसा काय, हा प्रश्न पडला की समजायचं की आता नुसत्या लढाया वाचून भागणार नाही, घर बघावं लागणार.

तर १८व्या शतकातल्या इंग्लिश सरदाराचं घर कसं बघायचं, त्याचे सोयरे कोण, कोणी कोणाला कुठं चिकटवलं, हे घरबसल्या कसं शोधायचं ते सांगतो. उदाहरण सगळीकडे कॉर्नवॉलिसचंच घेतोय कारण त्याची कागदपत्रं भरपूर आहेत आणि आपला त्याच्याशी थेट संबंधही आला. पण हीच रीत कुठल्याही ड्यूकला किंवा अर्लला लावता येते.

सगळ्यात आधी नावांचा घोळ निस्तरा. या लोकांची नावं आयुष्यभर बदलत राहतात आणि सर्च करताना नेमकं तिथंच गाडं अडतं. आपला चार्ल्स कॉर्नवॉलिस ३१ डिसेंबर १७३८ ला लंडनला जन्मला तेव्हा वडील बॅरन होते (किताबांची चढती पायरी बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस, ड्यूक अशी), १७५३ मध्ये ते अर्ल झाले तेव्हापासून पोरगा व्हायकाउंट ब्रोम म्हणवला जायला लागला, १७६२ मध्ये वडील गेले तेव्हा तो अर्ल कॉर्नवॉलिस झाला, आणि १७९२ मध्ये टिपूला नमवल्यावर मार्क्विस. म्हणजे १७५८ च्या पत्रात 'कॉर्नवॉलिस' दिसला तर तो हा नव्हे, बहुतेक वडील किंवा काका, आणि हा स्वतः हवा असेल तर 'लॉर्ड ब्रोम' शोधायचं. पुढे हाच ब्रोम त्याच्या मुलाला लागतो, म्हणजे १७९५ चा ब्रोम वेगळा. त्यामुळे वहीत पहिल्या पानावर नुसतं कोणत्या वर्षी कोणाला काय म्हणायचे एवढंच लिहून काढा. कंटाळवाणं काम आहे पण हे टाळलं तर पुढचं सगळं चुकतं.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण वंशावळ काढताना बाप, आजोबा, पणजोबा असे वर वर चढत जातात आणि घराण्याच्या नावालाच चिकटून राहतात. त्याने जमीन कुठून आली ते कळतं, वशिला कुठून आला ते कळत नाही. वशिला बायकांच्या बाजूने येतो. आई कोणाची मुलगी, आजी कोणाची बहीण, हे आधी काढा, काका मंडळी नंतर.

कॉर्नवॉलिसची आई एलिझाबेथ ही दुसऱ्या व्हायकाउंट टाऊनशेंडची मुलगी. हा टाऊनशेंड म्हणजे शेतीत सलगमच्या पिकाचा प्रचार करणारा म्हणून शाळेच्या पुस्तकात येतो तो, पण आपल्याला त्याची शेती नको, त्याची दोन लग्नं हवीत. पहिली बायको एलिझाबेथ पेलहॅम. तिचे सावत्र भाऊ दोन, थॉमस म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ न्यूकॅसल, आणि हेन्री पेलहॅम. ही बायको १७११ मध्ये गेली, मग टाऊनशेंडने १७१३ मध्ये डोरोथी वॉलपोलशी लग्न केलं, जी रॉबर्ट वॉलपोलची सख्खी बहीण. कॉर्नवॉलिसची आई पहिल्या बायकोची.

आता हे जरा आपल्या नात्यात मांडून बघा. आईच्या आईचे सावत्र भाऊ न्यूकॅसल आणि हेन्री पेलहॅम, म्हणजे आईचे मामा. सावत्र आईचा भाऊ रॉबर्ट वॉलपोल, म्हणजे तोही एका अर्थी मामाच. वॉलपोल १७२१ ते १७४२ पंतप्रधान, हेन्री पेलहॅम १७४३ ते १७५४, न्यूकॅसल १७५४ ते १७५६ आणि परत १७५७ ते १७६२. म्हणजे कॉर्नवॉलिसच्या आईचे तीन मामा, सावत्र का होईना, पण लागोपाठ ४० वर्षं मधले थोडे खंड सोडले तर इंग्लंडचं सरकार चालवत होते!! आणि हे तुम्हाला कॉर्नवॉलिस हे आडनाव धरून कितीही मागे गेलात तरी सापडणार नाही.

एक छोटी टिप, चार्ट काढताना नाती मराठीतच लिहा. मामा, काका, आत्या, साडू, मेहुणा असं लिहिलं की कोणती बाजू ते लगेच दिसतं, नुसतं अंकल लिहिलं की दोन दिवसांनी तुमचं तुम्हालाच कळत नाही हा कुठला. आणि जुन्या पत्रांत 'ब्रदर' असं लिहिलेलं असलं तरी तो मेहुणा असू शकतो हे डोक्यात ठेवा.

नाती काढली, छान झालं, पण नात्याने काय मिळालं हे अजून कळलेलं नाही. त्यासाठी दुसरा कागद घ्या. एका बाजूला घरातल्या माणसांच्या नेमणुका तारखेनुसार, दुसऱ्या बाजूला त्या तारखेला मंत्रिमंडळ कोणाचं. बस. हे एवढं केलं की अर्धी कहाणी स्वतःहून उलगडते. कॉर्नवॉलिस घराण्याचं बघा. वडिलांना टॉवर ऑफ लंडनच्या कॉन्स्टेबलचं मानाचं पद वॉलपोलच्या अमदानीत मिळालं. काका एडवर्ड १७४९ मध्ये नोव्हा स्कोशियाचा गव्हर्नर म्हणून गेला आणि तिथं हॅलिफॅक्स वसवलं, तेव्हा पंतप्रधान हेन्री पेलहॅम. एडवर्डचा जुळा भाऊ फ्रेडरिक १७५० मध्ये लिचफिल्ड अँड कोव्हेंट्रीचा बिशप झाला, तेव्हाही पेलहॅमच, आणि चर्चच्या नेमणुकांची सूत्रं त्या काळात न्यूकॅसलच्या हातात. वडील बॅरनचे अर्ल झाले १७५३ मध्ये, परत पेलहॅम. आता यातल्या प्रत्येक ठिकाणी मामाने चिठ्ठी दिली असं मी म्हणत नाहीये, पण चारही खुणा एकाच खिडकीत पडतात तेव्हा पुढची पत्रं कुठं शोधायची ते ठरतं.

फ्रेडरिकची तर गंमतच आहे. त्याने १७५९ मध्ये कॅरोलाइन टाऊनशेंडशी लग्न केलं, ती कोण, तर त्याच्या वहिनीच्या भावाची मुलगी, म्हणजे वहिनीची भाची. एकाच घराशी दोनदा सोयरिक. असं दिसलं की चार्टवर दुहेरी रेघ मारा, कारण पहिलं नातं एका पिढीनंतर विरायला लागतं आणि दुसऱ्या लग्नाने ते पुन्हा घट्ट होतं. फ्रेडरिक १७६८ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला, आणि या कॅरोलाइनबाईंनी लँबेथ पॅलेसमध्ये, म्हणजे आर्चबिशपच्या लंडनमधल्या वाड्यात, पार्ट्यांचा असा धडाका लावला की तिसऱ्या जॉर्जने आर्चबिशपला पत्र लिहून हे प्रकार बंद करा म्हणून समज दिली. वशिल्याला राजाच्या नाराजीची मर्यादा असते ती ही अशी.

मग धाकट्या मुलांकडे वळा. इंग्लंडात इस्टेट आणि किताब सगळा थोरल्याला, धाकट्यांना आपापली सोय बघावी लागे, आणि सोयीची दारं ठरलेली, म्हणजे लष्कर, आरमार, चर्च, वकिली. म्हणून वशिला बघायचा तर थोरल्याकडे कमी आणि धाकट्यांकडे जास्त बघावं. कॉर्नवॉलिसच्या धाकट्या भावांपैकी जेम्स चर्चमध्ये गेला. काका आर्चबिशप असताना पुतण्या १७७५ मध्ये कँटरबरीचा डीन, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलचा मुख्य पाद्री, होतो, १७८१ मध्ये काकाच्याच जुन्या गादीवर लिचफिल्डला बिशप होतो, आणि मग १७९४ पासून डरहॅमचं डीनपदही सोबत ठेवतो, बिशपपद न सोडता. दोन्ही एकदम! त्या काळी हे सर्रास चाले, कोणाला फार वावगं वाटत नसे, त्यामुळे आपण आजच्या चष्म्यातून लगेच भ्रष्टाचार भ्रष्टाचार करू नये, पण वशिल्याचं तट्टू कोणतं आणि लायक घोडं कोणतं हे मात्र प्रत्येक वेळी तपासावं. बहीण शार्लटचा नवरा स्पेन्सर मॅडन हाही १७९२ मध्ये ब्रिस्टलचा बिशप झाला, दोन वर्षांत पीटरबरोचा. म्हणजे काका, भाऊ, मेहुणा, एका घरात तीन बिशप.

दुसरा भाऊ विल्यम आरमारात. हा १७८९ पासून ईस्ट इंडिजच्या आरमाराचा कमांडर होता, त्याच वेळी थोरला भाऊ कलकत्त्याला गव्हर्नर जनरल. कागदावर बघितलं तर उघड घराणेशाही. पण विल्यमची आधीची कारकीर्द उघडून बघा, अमेरिकेच्या युद्धात त्याने स्वतःच्या हिमतीवर नाव कमावलेलं होतं, खलाशी त्याला प्रेमाने बिली ब्लू म्हणत. म्हणून नियम असा ठेवा की नातं सापडलं की लगेच निकाल द्यायचा नाही, त्या माणसाची नेमणुकीच्या आधीची १० वर्षं बघायची.

पार्लमेंटची जागा हा वेगळा भाग आहे आणि तो सोपा आहे. सफोकमध्ये आय नावाचं छोटंसं गाव, तिथून दोन खासदार जायचे, आणि शतकाच्या मध्यापासून तिथं कॉर्नवॉलिस म्हणतील ती पूर्व दिशा. काका एडवर्ड १७४३ मध्ये तिथून निवडून आला, आपला चार्ल्स १७६० मध्ये वयाच्या २१व्या वर्षी, नंतर भाऊ विल्यम, आणि १७९५ मध्ये मुलगा ब्रोम. कोणत्याही लॉर्डसाठी असं एक गाव सापडतंच. न्यूकॅसलच्या हातात तर ससेक्स, यॉर्कशायर, नॉटिंगहॅमशायर अशी तीन परगण्यांत पसरलेली गावं होती. 'हिस्टरी ऑफ पार्लमेंट'ची साइट फुकट आहे, १७१५ ते १७५४ आणि १७५४ ते १७९० असे भाग आहेत, त्यात गावाच्या नावाचं पान उघडायचं, माणसाच्या नावाचं नंतर. गावाच्या पानावर मालक कोण, मतदार कोण, तिकीट कोणी दिलं ते सगळं एका जागी मिळतं.

लष्करासाठी वार्षिक आर्मी लिस्ट आहेत, १७५४ पासून छापील. तिथं एक लक्षात ठेवा की पायदळ आणि घोडदळातल्या अधिकाऱ्यांच्या जागा रोख विकत मिळत, १७६६ च्या अधिकृत दरात साध्या पायदळातली सगळ्यात खालची एन्साइनची जागा ४०० पौंडांना होती. त्यामुळे खालची बढती दिसली की आधी पैसा समजा, वशिला नंतर. खरा वशिला दिसतो तो स्टाफच्या नेमणुकांत, म्हणजे कोण कोणाचा एडीसी (जनरलच्या दिमतीचा खास अधिकारी) झाला त्यात, कारण ती जागा विकत मिळत नसे, जनरल स्वतः निवडत असे. तरुण ब्रोम सप्तवार्षिक युद्धात लॉर्ड ग्रॅनबीचा एडीसी होता. ग्रॅनबी कोण? रटलंडच्या तिसऱ्या ड्यूकचा मुलगा. आणि ग्रॅनबीची सख्खी आत्या कॅथरीन मॅनर्स ही हेन्री पेलहॅमची बायको. म्हणजे परत आईच्या मामाकडे आलो की नाही!

पण इथंच थांबा. या साखळीत कड्या खूप आहेत, आणि १८व्या शतकात इंग्लंडातली सरदार घराणी इनमिन दोनेकशे, त्यात कोणालाही कोणाशीही चार उड्यांत जोडता येतं. माझा स्वतःचा हिशोब असा आहे की दोन कड्यांपर्यंत नातं म्हणजे पुरावा शोधायला चांगलं कारण, त्यापुढे पत्र सापडल्याशिवाय बोलायचं नाही. शाळेची ओळख तर त्याहून फसवी. ईटनला हॉकी खेळताना शूट बॅरिंग्टन नावाच्या मुलाची काठी बसून कॉर्नवॉलिसच्या डोळ्याला कायमचा दोष राहिला. हा शूट पुढे डरहॅमचा बिशप झाला, आणि वर सांगितलं तसा कॉर्नवॉलिसचा भाऊ १७९४ मध्ये डरहॅमचा डीन. शूटचा थोरला भाऊ १७५५ पासून युद्धखात्याचा सेक्रेटरी आणि १७५६ मध्ये कॉर्नवॉलिस लष्करात. झाली की नाही झकास थिअरी? काठी मारल्याची भरपाई म्हणून दोन नोकऱ्या. पण डीन नेमायचा अधिकार राजाचा, बिशपचा नव्हे, आणि गार्ड्समध्ये, म्हणजे राजाच्या खास पलटणीत, शिरायला अर्लच्या थोरल्या मुलाला कोणाची भीड घालायची गरजच नव्हती. पद कोण देतं हे माहीत नसेल तर वशिल्याबद्दल बोलू नये, हे मी तरी फार काटेकोरपणे पाळतो.

लग्नाचंही तसंच. प्रत्येक लग्न सौदा नसतं. कॉर्नवॉलिसने १७६८ मध्ये जेमायमा जोन्सशी लग्न केलं, ती एका कर्नलची मुलगी, मोठं घराणं नाही, इस्टेट नाही, राजकारणात काही फायदा नाही. ती १७७९ मध्ये गेली आणि त्याने पुन्हा लग्न केलं नाही. उलट त्याच्या मुलाचं लग्न बघा, १७९७ मध्ये गॉर्डनच्या ड्यूकची मुलगी लुइझा. एका पिढीत मन, पुढच्या पिढीत मानपान.

मतं पण बघायची, म्हणजे लॉर्ड्सच्या सभागृहात माणूस कोणाबरोबर उभा राहिला ते. १७६६ मध्ये अमेरिकन वसाहतींवर कर लावायच्या पार्लमेंटच्या हक्काविरुद्ध मत देणारे लॉर्ड कॅम्डेन धरून फक्त ५ लॉर्ड, त्यात हा एक, आणि त्यात शेलबर्नही. म्हणजे मामांची पिढी मावळल्यावर त्याने स्वतःचा गट निवडला होता. शेलबर्न १७८२ मध्ये पंतप्रधान झाला तेव्हाच हिंदुस्थानची बोलणी सुरू झाली, कॉर्नवॉलिस नाही नाही म्हणत राहिला, आणि १७८६ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचं मत डावलायचा अधिकार आणि सेनापतीपद दोन्ही हातात मिळाल्यावरच निघाला. यॉर्कटाऊनचं खापर जास्त करून त्याच्या वरिष्ठावर, क्लिंटनवर फुटलं हेही आहे. म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर नुसता मामा हे नाही, मामांनी त्याला त्या पंगतीत बसवलं, पुढचं ताट त्याने स्वतः मागून घेतलं.

आता माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग, आणि तोच लोक वगळतात. दिलेल्या नोकऱ्या शोधू नका, नाकारलेल्या शोधा. दिलेल्या नोकरीत कारण लिहिलेलं नसतं, नकार देताना मात्र माणसाला कारण लिहावं लागतं आणि तिथं तो उघडा पडतो. गव्हर्नर जनरल झाल्यावर कॉर्नवॉलिसकडे शिफारशींचा पाऊस पडला, प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे खुद्द युवराज त्यात पुढे. त्याने ट्रेव्हिस नावाच्या तरुणासाठी शब्द टाकला, की बनारसच्या अदालतीवर कोणी एक 'काळा' बसलाय त्याला काढून याला बसवा. तो 'काळा' म्हणजे अली इब्राहिम खान. कॉर्नवॉलिसने कळवलं की हा माणूस हिंदुस्थानातल्या सगळ्यात लायक आणि आदरणीय अधिकाऱ्यांपैकी आहे, त्याला हलवता येणार नाही. आणि हा अली इब्राहिम खान आपल्यालाही परका नाही, त्याने मराठ्यांच्या लढायांचा फारसीत इतिहास लिहिलाय, पानिपत त्यात आहे.

पण एवढ्यावर कॉर्नवॉलिसला डोक्यावर घेऊ नका. याच माणसाच्या कारकिर्दीत कंपनीच्या वरच्या जागांवर हिंदी माणसाला दार बंद झालं, १७९३ च्या कायद्याने तर वर्षाला ५०० पौंडांच्या वरच्या मुलकी जागा कंपनीच्या करारबद्ध नोकरांसाठीच, म्हणजे व्यवहारात गोऱ्यांसाठीच, राखून ठेवल्या. म्हणजे लंडनच्या वशिल्याला नाही म्हणणारा माणूस एका अली इब्राहिमला वाचवतो आणि पुढच्या अली इब्राहिमांची वाटच बुजवतो. दोन्ही एकाच वहीत लिहा.

पत्रं कुठं मिळतील ते सांगतो. कॉर्नवॉलिसचे मूळ कागद लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पीआरओ ३०/११ या नंबरखाली आहेत. छापील पत्रव्यवहार ३ खंडांत १८५९ मध्ये आला, संपादक चार्ल्स रॉस, आर्काइव्ह डॉट ऑर्गवर फुकट वाचता येतो आणि तळटीपांत जवळजवळ प्रत्येक माणसाचं लग्न-जन्म-मृत्यू दिलंय, त्यामुळे सुरुवातीला मूळ पत्रांपेक्षा तळटीपाच वाचा. मात्र संपादक कोण ते विसरू नका. चार्ल्स रॉसचे वडील जनरल अलेक्झांडर रॉस हे कॉर्नवॉलिसचे एडीसी आणि जिवलग, कॉर्नवॉलिस १७९५ मध्ये ऑर्डनन्स, म्हणजे तोफा-दारूगोळ्याच्या खात्याचा प्रमुख झाला तेव्हा त्याच खात्यात सर्व्हेयर जनरल झालेले, आणि चार्ल्स रॉसची बायको ही कॉर्नवॉलिसची नात. घरचाच माणूस हो! तो काय छापेल आणि काय गाळेल याचा अंदाज घेऊनच वाचायचं. मामांच्या बाजूने जायचं तर ब्रिटिश लायब्ररीत न्यूकॅसलचे कागद आहेत, ५०० च्या वर खंड, त्यात बढती द्या, पाद्री करा, पेन्शन द्या अशी अर्जांची रास लागलीय. आणि पाद्र्यांसाठी 'क्लर्जी डेटाबेस' म्हणून १८३५ पर्यंतच्या नेमणुकांची फुकट साइट आहे, त्यात नेमणारा कोण हे वेगळ्या रकान्यात दिलेलं असतं, वशिला शोधणाऱ्याला अजून काय पाहिजे.

किताब कुठं संपला तेही शेवटी बघून ठेवा, कारण कागद त्याच वाटेने पांगतात. कॉर्नवॉलिस दुसऱ्यांदा आला तो वेलस्लीच्या जागी, शिंदे-होळकरांशी चाललेला संघर्ष आवरता घ्यायला, आणि ५ ऑक्टोबर १८०५ ला गाझीपूरला वारला, कबर तिथंच आहे. मुलाला पाचही मुलीच, म्हणून १८२३ मध्ये मार्क्विसपद बुडालं, अर्लपद गेलं ते बिशप काका जेम्सकडे, आणि १८५२ मध्ये तेही संपलं. कागद मुलींच्या घरी गेले की दुसऱ्या आडनावाखाली सापडतात हे इथं कामी येतं.

हात बसला की पुढचा माणूस वेलस्ली घ्या. थोरला रिचर्ड गव्हर्नर जनरल, धाकटा आर्थर १८०३ मध्ये असईला शिंद्यांसमोर, आणि तिसरा हेन्री अवधकडून घेतलेल्या मुलखावर नेमलेला, ज्यावर कंपनीच्या डायरेक्टरांनी बोंब ठोकली. तिथं मामा शोधायची गरज नाही, सख्खे भाऊच पुरे आहेत. फक्त आर्थरची आधीची १० वर्षं बघायला विसरू नका.